दोन-दोन रुपयांचं जंगल

बोर्निओच्या जंगलात मला भेटलेला पहिला वन्यप्राणी इंचभर लांबीचा होता. भेटला असं तरी कसं म्हणू? त्याने मला हेरलं. मी त्या वेळी मान वर करून, तोंड उघडं टाकून, दुर्बिणीतून हिरव्या रंगाच्या निरनिराळ्या छटा बघत होतो.

"मामा, हलू नकोस," भाची म्हणाली.

मला वाटलं, आला बिबट्या. तिने वाकून माझ्या गुडघ्याजवळून काहीतरी चिमटीत धरलं, नाकातला मेकूड वळावा तसं वळलं आणि टिचकी मारून झाडीत उडवलं.

"जळू. वेलकम ड्रिंक घ्यायला आली होती."

जळवेला डोळ्यांच्या पाच जोड्या असतात हे मला नंतर कळलं. माझे दोन आणि दुर्बिणीचे दोन मिळून चारच होत होते. तेव्हा तो सामना पहिल्यापासूनच विषम होता.

मी या फंदात पडलो कसा, ते आधी सांगतो. बँकेत 34 वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. मोजणं हा माझ्या बोटांचा चाळा आहे. जिन्याच्या पायऱ्या, लग्नातल्या पंगतीतली पानं, समोरच्या गच्चीवरची कबुतरं, सगळं मोजून होतं. रिटायर झाल्यावर मित्रांबरोबर ताडोबाला गेलो. मे महिना, आटलेला पाणवठा आणि त्याच्याकाठी सगळं जंगल पाण्यासाठी रांगेत उभं. दोन दिवसांत एक वाघीण, तिचे तीन बछडे, एक अस्वल, सात रानकुत्री आणि गवे किती ते मोजायचं सोडून दिलं. वहीत सगळ्याची नोंद केली आणि पुढचा महिनाभर सोसायटीच्या बाकावर ती वाचून दाखवली.

भाची सिंगापूरला नोकरीला असते. पक्षी बघण्याचं वेड तिला कॉलेजपासून. फोनवर माझं ताडोबापुराण तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तो नाटकाचा प्रयोग झाला. पडदा वर, उजेड सगळा नटांवर, तू पहिल्या रांगेत. आता तुला असं जंगल दाखवते जिथे पडदा वर जातच नाही." हा टोमणा होता की आमंत्रण, हे ठरवेपर्यंत तिने तिकिटं काढलीसुद्धा.

अशा रीतीने मी मलेशियाच्या साबा राज्यात, बोर्निओ बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात, दानुम व्हॅली नावाच्या राखीव जंगलाच्या वाटेला लागलो. कोटा किनाबालूहून पंख्याच्या छोट्या विमानाने लाहाद दातू नावाच्या बंदराच्या गावी आणि तिथून 80-एक किलोमीटर गाडीने. वहीत घरूनच तक्ता आखून आणला होता. डावीकडे अपेक्षित प्राणी: ओरांगउटान, हत्ती, ढगाळ बिबट्या, अस्वल, धनेश. उजवीकडे संख्येचे मोकळे रकाने.

पहिला तास एकच झाड मोजत होतो. तेलमाडाच्या बागा: डाव्या बाजूला तेलमाड, उजव्या बाजूला तेलमाड, टेकडी चढून उतरलो तरी तेलमाड. सगळे एका अंतरावर, एका रांगेत, एकाच उंचीचे. मधूनच लालभडक फळांचे घड भरलेला ट्रक समोरून येई आणि आमच्या काचेवर धूळ बसवून जाई. मी म्हटलं, "एवढं तेल खातं कोण?"

भाचीने फक्त माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर फरसाणाची पुडी उघडी होती. पामतेलाची जगातली सगळ्यात मोठी आयात आपल्या देशाची. 2022च्या दिवाळीत आपल्याकडे रेशनवर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला, त्यात रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर लिटरभर पामतेलच होतं. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींनी त्यात तळलेल्या करंज्या मी आवडीने खाल्ल्या होत्या. हे सगळं कधीकाळी जंगल होतं, असं भाची म्हणाली. पुडी मी घडी घालून बॅगेत ठेवली. नंतर काढून संपवली, ते वेगळं.

मग माड संपले, डांबर तर आधीच संपलं होतं, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी अंधार सुरू झाला. भर दुपारी.

दानुम व्हॅलीचं क्षेत्रफळ 438 चौरस किलोमीटर. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत साधारण एवढीच जागा येते. मुंबईत तेवढ्या जागेत सव्वा कोट माणसं राहतात आणि इथे एकही वस्ती नाही. सगामा नदीच्या काठी 1986 साली सुरू झालेलं संशोधन केंद्र आहे. संशोधकांखेरीज माझ्यासारख्या हौशी लोकांनाही तिथे उतरता येतं. खोली साधी, जेवण भात-मासळी, आणि जंगलात जायचं तर केंद्राचा माणूस बरोबर.

आमच्याबरोबर दिलेला माणूस चाळिशीचा, बुटका, कमरेला कोयता आणि पायात फुटबॉल खेळायचे वाटावेत असे रबरी बूट. भाची त्याला 'अबांग' म्हणायची. मलयमध्ये अबांग म्हणजे दादा. मी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा, तरी मीही अबांगच म्हणायला लागलो. जंगलात वय पायांवरून ठरतं.

त्याने पहिलं काम केलं ते माझ्या पायात जळूमोजे चढवले. घट्ट विणीच्या कापडाची गुडघ्यापर्यंतची पिशवी ती, वर नाडी. पँट आत खोचायची, नाडी आवळायची आणि वरून बूट. आरशात पाहिलं तर गणपतीच्या मिरवणुकीतल्या बँडवाल्यासारखा दिसत होतो.

झुलत्या पुलावरून सगामा ओलांडली. पाणी चहाच्या रंगाचं, दूध जरा जास्त झालेल्या. पलीकडे पाय ठेवला आणि दहा पावलांत मागचा पूल दिसेनासा झाला.

त्या पहिल्या फेरीचा हिशेब प्रामाणिकपणे देतो. चाललो चार तास. पाहिलं: झाडं. माझ्या मिठीत मावणार नाहीत अशी झाडं. आम्हा तिघांच्या मिठीतही मावली नसती. त्यांची मुळं भिंतीसारखी माझ्या डोक्याच्या वरून सुरू होऊन जमिनीत शिरत होती. बुंधा वर बघत जावं तर पहिली फांदी फुटते तिथे आपल्याकडची झाडं संपलेली असतात. याच दानुममध्ये 2018 साली एक पिवळा मेरांटी वृक्ष सापडला. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर माणूस चढवून टेपने मोजला तर 100.8 मीटर भरला. मुंबईचा राजाबाई टॉवर 85 मीटर. म्हणजे टॉवरच्या टोकावर चार-पाच मजल्यांची बिल्डिंग चढवल्यावर त्या झाडाच्या शेंड्यावरच्या माकडाशी डोळ्याला डोळा भिडेल.

आणि अबांग मला त्या शेंड्यावरचे पक्षी दाखवत होता!

"टेन ओ'क्लॉक," तो कुजबुजला.

मी घड्याळात पाहिलं. साडेआठ. म्हटलं, दहाला काहीतरी येणार आहे, तोवर बसावं. एका मुळावर टेकलोही. भाचीने कपाळाला हात लावला. समोर बारा धरून डावीकडे किंचित वळलं की दहा, ही दिशा सांगायची रीत आहे म्हणे. ती समजावून होईपर्यंत पक्ष्याने आपला कारभार आटोपून दुसऱ्या तालुक्यात प्रयाण केलेलं होतं. पुढच्या वेळी मी दहाला बरोबर दुर्बीण लावली. काच वाफेने पांढरी. पुसली. आतून पांढरी. पुसायला अंगावर कोरडं असं काहीच नव्हतं. घाम इथे वाळत नाही, साचतो. तिसऱ्या वेळी काच स्वच्छ, दिशा बरोबर, आणि दिसलं एक पान. सुंदर पान. पक्षी त्याच्या मागे होता.

रात्री जेवताना मी तक्ता उघडला. पाचही रकाने कोरे.

"काय गं," मी म्हटलं, "जगातलं इतकं श्रीमंत जंगल म्हणतात आणि चार तासांत एक ससा नाही?"

ती हसली नाही. भात कालवत कालवत तिने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण मला ते तसंच कळलं. समजा दोन बँका आहेत. पहिलीत खाती थोडी, पण प्रत्येकात रक्कम दणदणीत. दुसरीत खाती लाखो आणि प्रत्येकात शिल्लक दोन रुपये. ताडोबा पहिल्या जातीची बँक. चितळ म्हटलं की शंभराचा कळप. दानुम दुसऱ्या जातीची. याच बेटावर, सारावाकमधल्या लांबिर हिल्समध्ये 52 हेक्टरांत झाडांच्या हजाराहून जास्त जाती मोजल्या आहेत. पण एका जातीचं झाड दिसलं की त्याचा भाऊबंद शोधायला पुष्कळ चालावं लागतं. प्राण्यांचंही तेच. जाती भरपूर, प्रत्येकीची माणसं मोजकी, आणि तीही राहतात पन्नास मीटर वर.

"का पण?"

"खायला नसतं म्हणून," ती म्हणाली.

एवढ्या हिरवळीत खायला नाही हे मला पटेना. पण इथली मोठी झाडं बहुतेक एकाच कुळातली, आपल्या कान्हाचा साल ज्या कुळातला त्याच. त्यांच्या फळांना भिंगरीसारखे पंख असतात. आणि ही झाडं दरवर्षी फळत नाहीत. दोन वर्षं, पाच वर्षं, कधी दहा वर्षं गप्प बसतात आणि मग एकाच हंगामात सगळं जंगल एकदम फळतं. एकट्यादुकट्या झाडाने फळं धरली तर खाणारे एक बी उरू देणार नाहीत. सगळ्यांनी मिळून पंगत वाढली की पाहुणे आडवे होतात, तरी पातेल्यात उरतं. त्या उरलेल्यातून पुढची झाडं. मधल्या उपासाच्या वर्षांत डुकरं, माकडं, पक्षी यांनी जगायचं ते उंबर-पिंपळाच्या जातीवर, कोवळ्या पानांवर, सालींवर. मग संख्या वाढणार कशी?

मी तक्त्याकडे पाहिलं. पहिल्या बँकेचा फॉर्म घेऊन मी दुसऱ्या बँकेच्या काउंटरवर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी अबांगने मला दुर्बीण गळ्यातच ठेवायला लावली आणि एका ओंडक्यावर बसवलं. कानाला हात लावून खूण केली: ऐक.

बसलो. सुरुवातीला नुसती एकसंध किरकिर. मग तिच्यात पदर दिसायला लागले, म्हणजे ऐकू यायला लागले. एक करवत चालवणारा किडा. एक शिटी विसरलेला कुकर. लांबून गिबनच्या मादीची साद आली, खालून वर चढत गेलेली, आणि शेवटी बुडबुड्यासारखी फुटली. डोक्यावरून काहीतरी फस्स फस्स करत गेलं, जुन्या घाटातल्या वाफेच्या इंजिनासारखं. "एंगांग," अबांग म्हणाला. धनेश. कोकणातल्या माणसाला हा पंखांचा आवाज परका नाही. आमच्या आजोळी देवराईत तो ऐकूनच आजी "गरुड गेला रे" म्हणायची. दिसला मला आताही नाही.

मग एक आवाज सुरू झाला: टोक. थांबून टोक. लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा. हळूहळू घाव जवळ येत गेले, टोक-टोक-टोक-टोक, आणि एकाएकी जंगलाच्या माथ्यावर कुणीतरी खदाखदा हसायला लागलं. वेड्यासारखं, थांबेचना. मला आधी वाटलं, आता जंगलसुद्धा हसायला लागलं मला.

हा शिरस्त्राणधारी धनेश. त्याच्या चोचीवरचं शिंग हस्तिदंतासारखं भरीव, कोरीव कामासाठी त्याला किंमत येते आणि तेवढ्यासाठी शिकारी त्याच्या जिवावर उठले आहेत. पण मलय लोकांत त्याची गोष्ट निराळीच सांगतात. त्याचं एक नाव 'तबांग मंतुआ', म्हणजे 'सासू पाड'. एका जावयाला सासू डोळ्यांसमोर नको होती. ती खांबांवरच्या घरात झोपली असताना त्याने खालून एकेक खांब कुऱ्हाडीने तोडत आणला, टोक, टोक, टोक. घर कोसळलं आणि हा खो-खो हसत सुटला. देवाने त्याचा पक्षी केला. तेव्हापासून रोज तोच गुन्हा करतो आणि रोज हसतो.

"तुमच्याकडे अशी गोष्ट आहे का?" अबांगने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"आमच्याकडे हा मान सुनेचा," मी म्हटलं. भाचीने भाषांतर केलं आणि अबांग त्या पक्ष्याइतकाच वेळ हसला.

त्या दिवशी वहीत मी तक्त्याला आणखी एक रकाना जोडला: ऐकलं.

संध्याकाळी अबांगने एक बातमी आणली. नदीकाठच्या उंबराच्या जातीच्या झाडाशेजारी ओरांगउटानच्या मादीने घरटं बांधलंय. ही मंडळी रोज संध्याकाळी नवी गादी घालतात. फांद्या वाकवायच्या, एकमेकींत गुंतवायच्या, वर पाला पसरायचा आणि झोपायचं. सकाळी उठायच्या आत पोचलं तर भेट नक्की.

पहाटे सव्वापाचला आम्ही झाडाखाली. अंधारात डोकं वर करून उभे. मान पार अवघडलेली. उजाडता उजाडता माझ्या टोपीवर थेंब पडले. टपटप, मग जरा जोराने.

"पाऊस आला वाटतं," मी म्हटलं आणि तोंड वर केलं.

अबांगने माझी बाही धरून मला इतक्या जोरात बाजूला ओढलं की मी चिखलात बसलो. पाऊस नव्हता. बाई उठल्या होत्या, आणि उठल्यावर माणूस पहिलं जे करतो ते करत होत्या.

मग त्या पाल्याच्या ढिगातून एक हात बाहेर आला. लांब, लालसर केसांचा, अजिबात घाई नसलेला. त्याने वरची फांदी धरली आणि बाकीचा देह त्याच्यामागून निघाला. छातीला एक पिल्लू चिकटलेलं, डोक्यावरचे केस उभे, आमच्या शेजारच्या बंड्यासारखे. मलयमध्ये ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे रान. रानमाणूस. इतकं सरळ नाव मी दुसऱ्या कुठल्या प्राण्याचं ऐकलेलं नाही.

ताडोबात वाघीण मला चार मिनिटं दिसली. मागच्या जिप्स्या हॉर्न वाजवायच्या बेतात होत्या. इथे आम्ही तिघेच, आणि ती पावणेदोन तास होती. त्या वेळात तिने केलं काय? फळं खाल्ली. साल सोलून चघळली. एकदा आमच्याकडे बघितलं आणि काउंटरवरच्या रांगेकडे मी जसा बघत असे तसं बघून पुन्हा कामाला लागली.

पण एक गोष्ट पाहिली ती सांगतो. तिला पलीकडच्या झाडावर जायचं होतं. मधे चार हातांची फट. ती एका बारीक फांदीच्या टोकाशी गेली आणि अंगाचा झोका द्यायला लागली. मागे, पुढे, मागे, पुढे. झाड तिच्याबरोबर डुलू लागलं. एका झोक्याला तिने पलीकडची फांदी पकडली. आता ती उडी घेणार असं मला वाटलं. ती तिथेच थांबली. एका हातात इकडची फांदी, दुसऱ्या हातात तिकडची, मधे ताणलेली ती. पिल्लू तिच्या छातीवरून सुटलं, दंडावर चढलं, पाठीवरून चार पायांवर चालत पलीकडे गेलं आणि तिथे फांदीला लटकून वळून बघायला लागलं. मग तिने अलीकडचा हात सोडला.

आमच्या आजोळी पावसाळ्यात वहाळावर असाच साकव घालायचे. दोन ओंडके आणि वर आडव्या काठ्या. पलीकडे गेलेलं पोर अलीकडे बघत उभं राहायचं, तेही असंच.

ही पिल्लं सहा-सात वर्षं आईजवळ असतात, त्यात त्यांना कुठलं झाड कधी फळतं याचं सगळं पाठांतर करायचं असतं. तोवर तिला दुसरं मूल नाही. खात्यात भर पडते ती इतक्या सावकाश. 2016पासून बोर्निओचा ओरांगउटान अतिसंकटग्रस्त ठरला आहे, आणि तेलमाडाखाली गेलेली जंगलं हे त्याचं एक मोठं कारण. मी बॅगेतल्या पुडीबद्दल काही बोललो नाही.

वहीत लिहिलं: ओरांगउटान, 2. आणि त्या पानावर पुढे काहीच लिहावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी बरोब्बर सहाच्या सुमाराला जंगलात भोंगा वाजतो. इतका मोठा की पहिल्या दिवशी मला शिफ्ट सुटल्यासारखं वाटलं. तो एक मोठा सिकाडा किडा; त्याला सगळे 'सहा वाजताचा किडा' म्हणतात. त्याने वर्दी दिली की रात्रीची माणसं कामावर येतात. तिसऱ्या रात्री उघड्या टेम्पोत उभं राहून आम्ही टॉर्च फिरवत निघालो. मी पहिल्याच वळणावर ओरडलो, "डोळे! हिरवे डोळे!" टेम्पो थांबला. अबांगने उतरून पाहिलं. कोळी. गवतात शेकडो डोळे चमकत होते, सगळे कोळ्यांचे. एक उडणारी खार शेंड्यावरून निघाली आणि कुणी टेबलक्लॉथ फेकावा तशी तरंगत पलीकडे गेली. आपल्याकडच्या पिसोरीची चुलत बहीण, सशाएवढं हरीण, रस्त्याकडेला थरथरत उभी राहिली.

मग ड्रायव्हरने दिवे मालवले. इंजिन बंद.

अंधारातून अबांग हळूच म्हणाला, "गाजा."

भाची भाषांतर करायला वळली, पण मला गरज नव्हती. गाजा. गज! समुद्रापलीकडे हजारो कोसांवर, एका रबरी बुटातल्या माणसाच्या तोंडून माझ्या शाळेतला संस्कृत शब्द आला होता. नंतर विचारत गेलो तर भाषेला 'बहासा', नावाला 'नामा', मनुष्याला 'मनुसिया'. पण त्या क्षणी एवढंच कळलं की आसपास हत्ती आहे. बांबू मोडल्याचा आवाज. ओल्या शेणाचा वास. आणि पोटातून येणारी एक घुरघुर. ती कानांपेक्षा टेम्पोच्या लोखंडातून तळपायांना जास्त जाणवत होती. बोर्निओचे हत्ती आपल्या हत्तींपेक्षा ठेंगणे, कान मोठे, शेपूट जवळजवळ जमिनीला टेकणारं. पाव तासाने अबांगने टॉर्चचा कोन खाली धरला, तेव्हा बांबूत शिरणारं ते शेपूट मला दिसलं.

वहीतली नोंद अशी आहे: हत्ती, ऐकले चार-पाच. पाहिलं, 1 शेपूट.

परत येताना अबांग एका चिखलाच्या खळग्यापाशी थांबला. म्हणाला, माझ्या लहानपणी असल्या जागी गेंडे लोळायचे. सुमात्रा गेंडा, दोन शिंगांचा, अंगावर केस असलेला, गेंड्यांत सगळ्यात लहान. मलेशियातली शेवटची मादी इथेच साबात, माणसांच्या देखरेखीखाली, नोव्हेंबर 2019मध्ये गेली. आता त्या देशात एकही नाही. खळग्यात पाणी होतं आणि त्यात एक बेडूक ओरडत होता. दोन रुपयांच्या खात्यांचं हेच असतं. बंद झालं तर काउंटरवर कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी आंघोळीला शर्ट काढला तर बनियन रक्ताने भरलेलं. कमरेच्या वर एक लहानसा घाव, तीन कोपऱ्यांचा, आणि रक्त थांबायचं नाव नाही. वाघजळू, भाचीने निदान केलं. अंगावर पिवळे-केशरी पट्टे असलेली ही जात जमिनीवर नव्हे तर कंबरेच्या उंचीच्या पानांवर वाट बघत बसते. रक्त गोठू नये असं काहीतरी ती सोडते. आयुर्वेदात जलौका लावतात त्यामागेही हेच. पोट भरून ती कधीच गळून पडली होती. दोन तासांत चार कापसाचे बोळे लागले.

खानावळीत मी त्याचं रडगाणं गात होतो, तेव्हा समोरच्या टेबलावरची एक संशोधक मुलगी उठून आली. तिच्या हातात छोट्या कुप्यांचा खोका होता आणि प्रत्येक कुपीत एकेक जळू. मी खुर्ची मागे सरकवली.

तिने जे सांगितलं त्यावर मी अजून विचार करतोय. या जंगलात प्राणी दिसत नाहीत ही तक्रार नुसती माझी नाही, शास्त्रज्ञांचीही आहे. कॅमेरे लावावे तर तेही बुरसतात. पण जळू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं रक्त घेते आणि ते पोटात महिनोन्‌महिने सांभाळते. त्या रक्तातल्या डीएनएवरून ती कुणाकुणाला चावली हे वाचता येतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रयोगशाळेत जळवांच्या पोटात चार महिन्यांनंतरही ही खूण सापडली होती, आणि व्हिएतनाममधल्या जळवांच्या रक्तातून एका दुर्मीळ पट्टेरी सशाचा पत्ता लागला होता. त्या सशाला तिथल्या कॅमेऱ्यांनी पाहिलेलं नव्हतं. जळवेने पाहिलं होतं.

म्हणजे या दोन रुपयांच्या बँकेचा खजिनदार ठरलेला होता. मी उगाच तक्ता घेऊन आलो.

परतल्यावर सोसायटीच्या बाकावर सगळे जमले. "काय काय पाहिलंत?" मी वही उघडली. ओरांगउटान दोन, शेपूट एक, कोळ्यांचे डोळे असंख्य, न दिसलेला गरुड. कुणाचं समाधान झालं नाही. शेजारच्या काकांनी तर सरळ विचारलं, "मग पैसे वसूल झाले का?"

मी शर्ट वर करून कमरेवरचा वण दाखवला. 34 वर्षं दुसऱ्यांच्या पासबुकात नोंदी केल्या. आता दानुमच्या एका पानाखाली, एका पट्टेरी जळवेच्या पोटात, सांबर आणि रानडुक्कर यांच्या ओळीत माझीही नोंद आहे. रक्कम चमचाभरही नसेल. पण चार महिने तरी ते खातं चालू राहील.